पार्षद पतींच्या पत्नी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी होती. सगळ्यात वर, चौकातूनही वाचता येतील अशा लाल अक्षरांत, ‘रमेश निखाडे’. त्याखाली निळ्या रंगात ‘पार्षद पति’. आणि अगदी तळाशी, रंगाऱ्याकडे उरलेल्या चार बोटं जागेत, ‘श्रीमती मंदा निखाडे, पार्षद’. महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात त्यांना इकडे मध्य प्रदेशात पार्षद म्हणतात. पार्षद पति या पदाला तिकडे काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण पद असणार.

निखाडेंनी निवडणुकीसाठी कुर्ते शिवून घेतले होते, आणि ऐन वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्यांनी बायकोला उभं केलं. निवडणूक मंदाताई जिंकल्या आणि कुर्ते निखाडेंनी घातले. लोक त्यांना ‘पार्षद जी’ म्हणायचे आणि मंदाताईंना ‘दीदी’. कुणी दारात येऊन “पार्षद हैं क्या?” असं विचारलं, की स्वयंपाकघरातून मंदाताईच उत्तर द्यायच्या, “नहीं हैं, बाहर गए हैं.”

मी इथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. नोकरीसाठी अमरावतीहून जबलपूरला आलो आणि बडा फुहारा या बाजाराच्या मागच्या या जुन्या गल्लीत भाड्याने राहू लागलो, कारण कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं. स्थानिक स्वराज्य संस्था हा पेपर माझ्याकडे आहे. मुलांना मी सांगतो, की लोकशाहीचा पाया वॉर्डात असतो. मग घरी येतो आणि ती पाटी वाचतो.

मंदाताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या त्या मराठी माणसं राहायला आली म्हणून. ठेंगणा बांधा, सुती साडी, हातात कापडी पिशवी. दारातून आत आल्या, बसल्या, आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाल्या, “पाणी द्या पहिले.”

बायकोने फिल्टरचं पाणी आणलं. त्यांनी पेला परत केला. “हे नाही. आज सकाळी नळाचं भरलं असंल ते द्या.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिने हंड्यातलं पाणी आणलं. मंदाताईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, घोट तोंडात धरून ठेवला आणि मग गिळला. “आज बरं आहे,” म्हणाल्या, आणि मग हसून, “मी मंदा. माहेर वर्ध्याकडलं. तुमचं?”

पुढे कळलं, की हे त्या प्रत्येक घरी करायच्या. पार्षद घरी आली म्हणून लोक बाटलीबंद पाणी मागवायचे, थंड पेय मागवायचे; त्या नळाचंच मागायच्या. काही घरांना हा साधेपणा वाटे, काहींना कंजूषपणाचा उपदेश. आमचे घरमालक गुप्ता जी, ज्यांचं फुहाऱ्यावर कापडाचं दुकान आहे, त्यांना ती मतं मिळवायची तऱ्हा वाटे. “क्या एक्टिंग है,” ते कौतुकाने म्हणत. मी एकदा विचारलं, की असलं पाणी पिऊन तुम्हाला काही होत नाही का. त्या म्हणाल्या, “काय होते मले? माझं पोट या वॉर्डाचंच आहे, सर.”

पाण्याची भानगड अशी. गल्लीच्या दोन्ही बाजूंना उघड्या नाल्या आहेत. प्रत्येक घराचा नळ नाली ओलांडून, आणि बऱ्याच ठिकाणी नालीतूनच, घरात जातो. पाइप जुने, गंजलेले. पाणी सकाळी थोडा वेळ येतं, तेही बारीक धारेने. म्हणून कुणीतरी कधीतरी नळाला थेट मोटर लावली. त्याने शेजाऱ्याचं पाणी ओढलं, मग शेजाऱ्याने त्याच्यापेक्षा मोठी मोटर आणली. मी राहायला आलो तोवर मोटर नसलेलं घर शोधावं लागलं असतं. गुप्ता जींची मोटर जिन्याखाली होती आणि सुरू झाली की आमच्या पलंगाची फळी थरथरायची. सगळ्यात मोठी मोटर पार्षदांच्या घरी होती. असणारच. पद होतं.

मोटर लावणं नियमाबाहेर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्याकडे नियम हा शेजाऱ्यासाठी असतो, ही समज पक्की आहे.

दर पावसाळ्याच्या शेवटी गल्लीत कावीळ यायची. लोक त्याला हवा बदलणं म्हणत. मंदाताईंना यात काहीतरी खटकलं ते एका उन्हाळ्यात. तेव्हा सकाळी वीज जायला लागली होती, नेमकी पाण्याच्या वेळेला. लोक वैतागले, कारण मोटरी बंद, धार बारीक. मंदाताई मात्र घरोघरी घोट घेत फिरत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की वीज नसते त्या दिवशी पाणी थोडं येतं पण त्याला वास येत नाही. वीज असते त्या दिवशी भरपूर येतं आणि वास येतो. त्यांनी हे आधी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, लोकांसमोर बोलू नको, हसतील. मग त्या आमच्याकडे आल्या.

“सर, तुम्ही शिकलेले आहात. मले सांगा, मोटर पाणी ओढते तं फक्त पाणीच ओढते का?”

मी म्हणालो, मला इंजिनिअरिंगमधलं कळत नाही. हे खरं होतं. त्या निगमातल्या, म्हणजे महापालिकेतल्या, एका इंजिनिअरकडे गेल्या. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं म्हणे: पाइपला भोकं असली आणि आत पाण्याचा दाब असला की पाणी बाहेर गळतं, पण बाहेरून सगळे मिळून ओढायला लागले की भोकांतून नालीतलं आत येतं. नवी लाइन मंजूर होती, पण तिला वेळ होता. तोवर मोटरी बंद करणं एवढाच उपाय. “पर दीदी, ये आप न करें,” तो म्हणाला. “अगला चुनाव नहीं लड़ना क्या?”

मंदाताई हे सांगताना हसत होत्या. मग म्हणाल्या, “तो चांगला पोरगा आहे. माझ्या भल्याचंच सांगून राहिला होता.”

आणि त्या घरोघरी सांगत फिरू लागल्या. मी त्यांना पाच-सहा घरांत बोलताना ऐकलं असेल. भाषण नव्हतंच. पाणी मागायच्या, घोट घ्यायच्या, मग पेला यजमानापुढे धरायच्या: तुम्ही प्या. बहुतेक लोक हसून पेला बाजूला ठेवायचे. सगळे मान डोलवायचे. कुणी नाही म्हणायचं नाही. गुप्ता जी म्हणाले, “दीदी, आप बिल्कुल सही कह रही हैं. पहले सामने वाले बंद करें, हम उसी दिन करेंगे.” समोरचेही हेच म्हणाले. गल्लीत इतकं एकमत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग झाली ती सदनाची गोष्ट. पार्षदांच्या बैठकीत नवऱ्यांना बसता येत नाही. ते बाहेर झाडाखाली बसतात. तिथे म्हणे खरी बैठक चालते. निखाडे बायकोच्या हातात एक चिठ्ठी द्यायचे आणि कुठे हात वर करायचा ते समजावून ठेवायचे. मंदाताईंनी तोवर सदनात एक शब्दही उच्चारला नव्हता. त्या दिवशी चर्चा होती वॉर्डांत स्वागतद्वारं बांधायची. प्रत्येकाला आपल्या वॉर्डात एक कमान हवी होती. मंदाताईंचा नंबर आला, तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या:

“हमारे वार्ड में मोटर जब्त कीजिए. पहले हमारे घर की.”

मग कुणीतरी म्हणालं, भाभी जी घर से लड़ के आई हैं, आणि सदन हसलं. पण बोलणं नोंदलं गेलं, आणि पार्षदानेच मागणी केल्यावर कारवाई करणं भाग होतं. दोन दिवसांनी सकाळी पाण्याच्या वेळेला निगमची गाडी आली. पहिली मोटर निखाडेंच्या घरातून निघाली. मंदाताईंनी स्वतः दार उघडून दिलं. आणखी चार-पाच घरांतल्या निघाल्या; बाकीच्यांनी तोवर आपापल्या पलंगाखाली सरकवल्या. त्या दिवशी गल्लीत पाणी बारीक आलं. आमच्या मजल्यावर आलंच नाही. मंदाताईंनी तीन घरी घोट घेतला आणि म्हणे रडल्या. बायकोने विचारलं, काय झालं. “गोड आहे वं,” म्हणाल्या. “लहानपणच्या विहिरीवानी.”

निखाडे त्या वेळी सिहोऱ्याला सुनेच्या माहेरी गेले होते. परत आले ते थेट निगमात गेले, गल्लीच्या वतीने माफी मागितली, पुन्हा असं होणार नाही असं लिहून दिलं आणि मोटरी सोडवून आणल्या. इथपर्यंत कुणीही केलं असतं. पण निखाडे मोठे पुढारी होते. त्यांनी मोटरी वाटायचा समारंभ केला.

मी हे स्वतः पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. चौकात शामियाना, त्यावर निखाडेंचा हात जोडलेला फोटो. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर मोटरी ओळीने, प्रत्येकीला झेंडूची एक माळ. एकेका घरमालकाचं नाव पुकारलं जाई, तो पुढे येई, निखाडे मोटर त्याच्या हातात देत, दोघं कॅमेऱ्याकडे बघत. जप्तीत ज्यांच्या मोटरी गेल्या नव्हत्या त्यांनाही आपली का गेली नाही असं वाटावं, असा थाट. शेवटी निखाडेंनी भाषण केलं, की पाणी हा जनतेचा हक्क आहे आणि जनतेच्या हक्कासाठी ते घरच्यांशीही लढायला मागे-पुढे बघणार नाहीत. टाळ्या पडल्या. मंदाताई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पार्षद म्हणून त्यांचंही स्वागत झालं. माळ त्यांनी गळ्यात घातली नाही, मांडीवर ठेवली.

घरची मोटर निखाडेंनी पुन्हा बसवली, आणि या वेळी तिच्यावर लोखंडी जाळी करून घेतली. जाळीला कुलूप. चोरांची भीती, असं ते म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात.

मंदाताईंना मी एकदाच थोडं चिडलेलं पाहिलं, ते याच दिवसांत. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काहून सर, तुमच्या पुस्तकात पार्षदाच्या नवऱ्याबद्दल काय लिहिलं आहे?”

मी म्हणालो, काहीच नाही.

“मग तुमचं पुस्तक आमच्या यांनी नाही वाचलं,” म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्यांची सून रोशनी. मुलगा नितीन एका खासगी कंपनीत, दिवसभर बाहेर. सून घरात सासूच्या मागे-मागे असायची. मराठी समजायची, बोलायची हिंदीत. “मम्मी जी ने आज फिर नाली वाला पिया,” असं आमच्या बायकोला सांगून हसायची. मंदाताई तिच्यापुरतं पाणी उकळून वेगळ्या कळशीत ठेवायच्या, कारण तिला दिवस गेले होते. कळशीवर एक लाल दोरा बांधलेला. घरात त्या कळशीला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता, आणि त्या घरात त्यांचा एवढा एकच हुकूम चालायचा.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. मंदाताईंना ते घरातल्या घरात करायचं होतं, पाच-सात बायका, ओटी, गाणी. पण वॉर्डाच्या पहिल्या घरातला कार्यक्रम असा कसा होणार? निखाडेंनी गल्ली अडवली, मांडव घातला. फुलांचा झोपाळा आला. एका बाजूला चाट, एका बाजूला पाणीपुरी, मधे सरबताचे दोन मोठे ड्रम. सकाळी निखाडेंनी जाळीचं कुलूप उघडलं, मोटर लावली आणि दोन्ही ड्रम स्वतः उभं राहून भरून घेतले. कामाला माणूस वाघासारखा होता, यात शंका नाही. मंदाताई आत पुरणाला बसल्या होत्या. त्यांनी मोटरीचा आवाज ऐकला असणार. कार्यक्रमाच्या दिवशी काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असेल. हे मी आपलं धरून चालतो. त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

दुपारी सुनेला झोपाळ्यावर बसवलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. गल्लीतल्या बायकांनी तिला एकेक घास भरवला, आणि मग कुणीतरी सरबताचा पेला तिच्या तोंडाला लावला. त्याचाही फोटो आहे. मंदाताई त्या फोटोत मागे, दारात, हातात लाल दोऱ्याची कळशी घेऊन उभ्या आहेत. त्या तिच्यासाठीच पाणी आणत होत्या.

महिन्याभराने गल्लीत कावीळ आली. नेहमीपेक्षा जास्त घरांत. शास्त्रशुद्ध बोलायचं तर त्या सरबतानेच आली हे सिद्ध करता येणार नाही. पाणी तर रोजचंच होतं. बाकीचे लोक पंधरा दिवस, महिना झोपून उठले. रोशनी उठली नाही. दिवस गेलेल्या बाईला ही कावीळ वेगळी होते, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. ती गेली, आणि बाळही गेलं.

तेराव्या दिवसापर्यंत घरात माणसांची रीघ होती. गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा मोठा फलक लागला. त्यावर रोशनीचा फोटो मधे, आणि खाली शोकाकुल म्हणून निखाडेंचा, तिच्यापेक्षा थोडा मोठा. त्यांना दुःख झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांना त्या दिवसांत मोटरीच्या जाळीला टेकून बसलेलं पाहिलंय, आणि ते रडणं कॅमेऱ्यासाठीचं नव्हतं. पण माणसाला दुःखही जमेल तसंच करता येतं. त्यांना ते फलकावरच करता येत होतं.

बायका मंदाताईंजवळ बसायच्या. एक दिवस गुप्ता जींच्या आई म्हणाल्या, “भगवान की मर्जी, बेटा.”

मंदाताई मराठीत म्हणाल्या, “देवाच्या घरी मोटर नाही, अम्मा.” म्हातारीला कळलं नाही. तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. आमच्या बायकोला कळलं; ती घरी येऊन जेवली नाही.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. निखाडे आता स्वतःच्या नावावर उभे राहिले. त्यांनी पहिलं वचन दिलं ते गल्लीच्या तोंडाशी सुनेच्या नावाने स्वागतद्वार बांधण्याचं. मंदाताईंना सभेला मंचावर बसवलं होतं. लोकांनी आग्रह केला, दीदी, दोन शब्द. त्या उठल्या, माइकजवळ गेल्या आणि समोर ठेवलेल्या बाटलीकडे बघून विचारलं, “हे नळाचं आहे का?” कुणीतरी घाईने म्हणालं, नहीं दीदी, बॉटल का है. त्या परत जाऊन बसल्या. निखाडे मोठ्या मताधिक्याने निवडून आले. कमान झाली. ‘रोशनी द्वार’, आणि खाली संगमरवरावर ‘सौजन्य: पार्षद रमेश निखाडे’. ट्रक आत शिरताना तिला घासतात म्हणून तिचा एक खांब नेहमी सोललेला असतो. तिथली जुनी पाटी काढून टाकली. आता तिची गरज नव्हती.

नव्या लाइनचं काम आमच्या गल्लीपर्यंत अजून आलेलं नाही. शेजारच्या वॉर्डात खोदलंय म्हणतात.

मंदाताईंनी घरोघरी पाणी मागणं सोडून दिलं. आमच्याकडेही आल्या की काहीच घेत नाहीत. पण सकाळी, पाणी यायच्या वेळेला, त्या गल्लीच्या कमानीपाशी जाऊन उभ्या राहतात आणि तिथून घरापर्यंत चालत येतात. मी बऱ्याचदा गच्चीत ब्रश करत असतो तेव्हा दिसतात. त्या बोलत नाहीत. प्रत्येक दाराजवळ थांबतात, कान देतात, आणि आत मोटर ऐकू आली तर दारावर तळहाताने दोनदा थापटतात. मोटर थांबते. या गल्लीत वाद कुणी घालत नाही. ज्या घरातली सून गेली त्या घराच्या बाईचा मान सगळे राखतात. त्या पुढे जातात. त्या तीन-चार घरं पुढे गेल्या, की मागची पहिली मोटर सुरू होते. मग दुसरी. अशी त्यांच्याभोवती पाच-सहा घरांपुरती शांतता असते, आणि ती त्यांच्याबरोबर गल्लीतून सरकत येते.

परवा पाहिलं तेव्हा त्या आमच्या दाराशी थांबल्या होत्या. जिन्याखालची मोटर थांबली, पलंगाची फळी थांबली. वर बघून त्यांनी मला ओळखल्यासारखी मान हलवली आणि चालू लागल्या. गुप्ता जी दाराआड उभे राहून त्या लांब जायची वाट बघत होते. सभ्य माणूस, त्या पाठमोऱ्या असताना लगेच बटन दाबणं त्यांना बरं वाटत नाही.

गल्लीच्या शेवटी त्यांचं घर. तिथली मोटर चालू होती. तिथे दारावर थापटून उपयोग नाही. जाळीला कुलूप आहे आणि पार्षद जी त्या वेळी पूजेला बसलेले असतात. मंदाताई जाळीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी तळहात लोखंडावर ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. मागे सगळी गल्ली आता सुरू झाली होती. एकेक करून नळ कोरडे पडेपर्यंत, मोटरी हवा ओढायला लागून किंचाळेपर्यंत, त्या तशाच उभ्या होत्या. मग घराघरांतली बटनं बंद होत गेली. सगळ्यात शेवटी त्यांच्या घरची मोटर थांबली. त्यांनी हात काढला, पदराला पुसला, आणि चूल पेटवायला आत गेल्या.